आपल्या नावाची ओ

या हकिकतीतली नावे बदलली आहेत. दिशा बदललेल्या नाहीत.

त्या का बदलता आल्या नाहीत, ते पुढे कळेल. ज्याच्या बाबतीत हे घडले तो आजही अकोल्यात आहे, रोज सकाळी कॉलेजात तास घेतो, आणि त्याने हे सारे आयुष्यात दोनच माणसांना सांगितले आहे. तिसऱ्याला सांगावे की नाही, याचा त्याने पुष्कळ दिवस विचार केला. शेवटी सांगितले नाही, लिहून पाठवले. बोलायची त्याला आता भीती वाटते.

दिवस मंगळवार. तारीख पाच डिसेंबर, साल दोन हजार तेवीस. वेळ दुपारची तीन. भुताखेतांची म्हणून जी वेळ सांगतात, तिच्याशी या घटनेचा काही संबंध नाही. बाहेर लख्ख ऊन होते. अमरावतीत राजापेठेच्या मागच्या गल्लीतली दुसऱ्या मजल्यावरची ती खोली. खाली रिक्षांचे आवाज, वर दोन खुर्च्या, एक खिडकी, आणि समोर बसलेल्या वर्षाली मॅडम.

त्यांच्या हातात एक बारीक पोलादी काडी होती. टोकाला लाल ठिपका.

"मान हलवायची नाही," त्या म्हणाल्या. "फक्त डोळे."

ज्याची ही हकिकत, तो श्रावण तिथे कसा पोहोचला, हे आधी सांगायला हवे.

तो मूळचा अंजनगाव सुर्जीकडचा. घर पिढ्यान्‌पिढ्या पानमळे राखणारे. वय सव्वीस. अकोल्यात तासिका तत्त्वावर मराठी शिकवायचा आणि संध्याकाळी एका हौशी नाटकमंडळीत काम करायचा. स्वभावाने इतका अबोल, की वर्गाबाहेर त्याचा आवाज कोणी फारसा ऐकलेला नव्हता. रंगमंचावर मात्र तो मोकळा व्हायचा. दुसऱ्याचे शब्द, दुसऱ्याचे नाव... त्या आडोशाला त्याला उबदार वाटायचे.

जानेवारीच्या मध्यावर एकांकिका स्पर्धा होती. एकांकिकेत तो परागंदा होऊन बारा वर्षांनी घरी आलेला मुलगा. शेवटच्या क्षणी आतून आई हाक मारते, आणि तो उंबऱ्यातून उत्तर देतो.

"ओ."

एवढेच. एक अक्षर. त्यावर पडदा.

ते अक्षर त्याच्या तोंडून निघत नव्हते.

पाच मिनिटांचे स्वगत तो न अडखळता म्हणायचा. मग विंगेतून रागिणीची हाक यायची. ही रागिणी म्हणजे त्या एकांकिकेची दिग्दर्शिका, आईचे कामही तीच करायची. हाक आली की श्रावणचा गळा आवळला जायचा. जीभ टाळूला चिकटायची. तळपाय गार पडायचे. असे एकदा नाही, सलग अकरा तालमींत झाले.

"पाच पानं पाठ होतात तुले, अन्‌ एक ओ नाही निघत?" रागिणी सगळ्यांसमोर म्हणाली. "प्राध्यापकसाहेब, विद्यार्थी हजेरी देतात तेवढी तरी दे."

सगळे हसले. तोही हसला. मग तिने त्याला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितले, की तिच्या मावसबहिणीला अपघातानंतर गाडी चालवता येत नव्हती, ती अमरावतीच्या एका मॅडमकडे जाऊन बरी झाली. औषध नाही, फार बोलणेही नाही. डोळ्यांवरून काहीतरी करतात. आणि तेवीस तारखेपर्यंत ओ आली नाही, तर ती दुसरा मुलगा घेणार होती.

श्रावणजवळ त्या नाटकाशिवाय स्वतःचे म्हणावे असे काही नव्हते. तो गेला.

वर्षाली मॅडमनी त्याला पद्धत समजावून सांगितली. जे दुःख तोंडाने सांगता येत नाही, ते शरीरात कुठेतरी दबा धरून बसते. नजर एका विशिष्ट जागी गेली, की ते हलते. पापणी फडफडते, आवंढा गिळला जातो, श्वास अडतो. ती जागा सापडली, की तिथे फक्त बघत राहायचे. बाकीचे शरीर आपले आपण करते. अर्धवट राहिलेली गोष्ट त्याला पूर्ण करायची असते.

त्यांनी त्याच्या कानांवर हेडफोन चढवले. त्यात वाहत्या पाण्याचा आवाज होता. डाव्या कानातून उजव्यात, उजव्यातून डाव्यात... संथ.

लाल ठिपका उजवीकडून निघाला. मधोमध आला. काही झाले नाही.

डावीकडे सरकला. मग जरा खाली...

श्रावणची पापणी थरथरली.

"इथे थांबू," मॅडम म्हणाल्या.

तो बघत राहिला. ठिपक्यामागे भिंत होती, पांढरी, कोरडी. तरी त्याच्या नाकात ओल्या मातीचा वास आला. तळपाय गार झाले. भिंतीचा पांढरेपणा हळूहळू हिरवट होत गेला, उन्हात पान आडवे धरल्यावर दिसतो तसा.

आणि मग डाव्या कानातले पाणी थांबले.

उजव्या कानात ते वाहत होते. डावा कान मात्र रिकामा. नुसता रिकामा नव्हे... जिथे कोणीतरी श्वास धरून उभे आहे, अशी ती शांतता होती.

त्याने हेडफोन ओढून काढले. मॅडमनी ते आपल्या कानाला लावून पाहिले. दोन्हीकडे पाणी नीट वाहत होते.

पुढच्या मंगळवारी खोलीत रंगकाम निघाले होते, म्हणून खुर्च्या वळवलेल्या होत्या. मागच्या वेळी तो उत्तरेकडे तोंड करून बसला होता, या वेळी पश्चिमेकडे. मॅडमनी काडी थेट डावीकडे खाली नेली, जिथे मागच्या खेपेला नजर अडकली होती.

काही झाले नाही. भिंतीसारखी भिंत.

त्यांनी काडी पुन्हा फिरवली. नजर या खेपेला अडली ती समोर, जराशी उजवीकडे. खिडकीच्या चौकटीखाली वीतभर.

मॅडमनी त्या जागेवर बोट ठेवून पाहिले. मग त्यांनी कपाळावरची टिकली काढली, त्या जागी चिकटवली, आणि त्याला डोळे मिटायला सांगून खुर्ची फिरवली. पुन्हा शोध. पुन्हा फिरवली. पुन्हा शोध.

दोन्ही वेळा नजर टिकलीवर जाऊन थांबली.

"ही जागा माणसाच्या नजरेत असते," त्या स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाल्या. "माणूस वळला की ती वळते. खोलीत राहत नाही."

"मग ही कुठं आहे, मॅडम?"

त्यांनी काडी ठेवून दिली. पुढची वेळ कधीची, हे सांगितले नाही.

श्रावणने अकोल्याला आल्यावर आपल्या खोलीत पेन्सिल घेऊन स्वतःच करून पाहिले. दुपारचे चार वाजले होते, खाली भाजीवाला ओरडत होता. पेन्सिल फिरत फिरत पुस्तकांच्या फळीपाशी आली आणि गळा आवळला गेला. त्याने मोबाइलमधले होकायंत्र उघडले. उत्तर, किंचित पूर्वेकडे. अमरावतीची ती टिकली... पश्चिमेच्या अंगाने, जरा उत्तरेकडे.

विदर्भाचा नकाशा त्याच्याजवळ होता. त्याने पट्टी ठेवली. पहिली रेघ ओढली.

दुसरी ओढायची त्याला गरज नव्हती. तरी ओढली.

दोन्ही रेघा अंजनगावच्या बाहेर, नदीच्या अंगाला एकमेकींना भेटल्या. तिथे त्याच्या आईचा पानमळा होता.

पानमळा ज्याने आतून पाहिलेला नाही, त्याला थोडे सांगावे लागेल. चारी बाजूंनी पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, दाट कूड. आत शेवरी-पांगऱ्याच्या झाडांवर चढवलेल्या नागवेली, पुरुषभर उंच, ओळीमागे ओळ. वर पानांचे छत. भर दुपारी आत संध्याकाळ असते. वेल पवित्र, म्हणून चपला बाहेर काढायच्या. दोन ओळींपलीकडचा माणूस दिसत नाही. म्हणून त्यांच्या घरात एक रीत होती. दिवेलागणीला ताटी बांधण्याआधी दारातून एकेकाचे नाव घेऊन हाक मारायची. एकदाच. आतल्याने ओ द्यायची आणि बाहेर यायचे. सगळ्यांची ओ आली, की कुडाचे ते दार, म्हणजे ताटी, दोरीने बांधून टाकायची.

या रीतीला एकच नियम होता. आपल्या नावाला आपणच ओ द्यायची.

श्रावण अकरा वर्षांचा होता तेव्हा त्याने तो मोडला.

त्याचा मोठा भाऊ शेखर तेव्हा चौदाचा. डिसेंबरचे दिवस, बहिरमची जत्रा भरलेली. शेखरला मित्रांच्या जीपमधून जत्रेला पळायचे होते आणि आई सोडणार नव्हती. श्रावणला लहानपणी नकला साधायच्या. गावातल्या कोणाचाही आवाज तो काढून दाखवायचा. शेखरने दुपारी त्याला सांगितले, मायने हाक मारली की माझ्या नावाची ओ तू दे.

संध्याकाळी आईने हाक मारली. "शेखर..."

श्रावण पलीकडच्या ओळीत गेला आणि भावाच्या आवाजात म्हणाला, "ओ."

मग आपल्या नावाची ओ देऊन बाहेर आला, आणि शेखर कुडाखालून निघून घरी पळाला असे त्याने सांगितले. आईने ताटी बांधली. जेवायच्या वेळी शेखर बहिरमला गेल्याचे त्याने कबूल केले. आईने शिव्या दिल्या आणि शेखरचे ताट झाकून ठेवले.

शेखर जत्रेला गेलाच नव्हता. का गेला नाही, ते कोणाला कधीच कळले नाही. सकाळी ताटी उघडली, तेव्हा तो शेवटच्या ओळीत पडलेला सापडला. घोट्यावर दोन बारीक खुणा होत्या.

जत्रेचा बेत सोडून तो पुन्हा मळ्यात शिरला असेल, असे सगळे म्हणाले. श्रावण काही बोलला नाही. पंधरा वर्षे बोलला नाही. त्या दिवसापासून त्याने कोणाची नक्कल केली नाही, आणि घरात कोणी हाक मारली तर ओ न देता उठून समोर जाऊन उभे राहायची सवय लावून घेतली. अबोल मुलगा म्हणून ती खपूनही गेली.

चोवीस डिसेंबरला, रविवारी, तो दर्यापूरमार्गे अंजनगावला निघाला. तेवीस तारीख उलटून गेली होती. रागिणीकडून त्याने दोन दिवस मागून घेतले होते. काय करायचे ते त्याच्या मनात स्पष्ट होते. आईला खरे सांगायचे. अर्धवट राहिले आहे ते पूर्ण करायचे.

एसटीत त्याचे डोळे खिडकीबाहेर, पुढे, एकाच बाजूला ओढले जात होते. गाव जवळ येऊ लागले, तशी नजर खाली उतरू लागली. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालताना ती चार पावलांवर होती. चपला काढून आत शिरला, तेव्हा दोन पावलांवर. शेवटच्या ओळीत...

शेवटच्या ओळीत ती सरळ त्याच्या स्वतःच्या पायांवर आली.

तिथे काही नव्हते. ओली माती. एक शेवरीचे झाड, आणि त्यावर वेल नव्हती.

"तिथं नाही धरत ती," मागून आई म्हणाली.

ही त्याची आई, बेबीताई, साठीकडे आलेली. नवरा गेल्यावर एकटीने मळा राखणारी. तिच्या ओटीत खुडलेली पाने होती. ती खाली बसली आणि पाने एकावर एक रचू लागली. श्रावणने उभ्यानेच सगळे सांगितले. जीप, जत्रा, ती ओ. शब्द येत होते. मान वर करायची हिंमत मात्र झाली नाही.

तिचे हात थांबले नाहीत.

"मले मालूम हाय," ती म्हणाली.

"काय मालूम हाय?"

"तुयी नक्कल होती ते. शेखरचं तू करे ना, त थोडासा नाकात बोले. पोटच्या लेकराचा आवाज हाय बापू, मले नाही कळंन?"

"मंग ताटी काहून बांधली माय?"

आता तिचे हात थांबले.

"तुया मांगून त्यानं बी ओ देली," ती म्हणाली. "खरी. त्याचीच. माया पाठीमांगून, ताटीच्या बाहेरून. मले वाटलं दोघं मस्करी करून राहिले. मी वयूनबी नाही पाह्यलं. बांधली ताटी."

कुठेतरी पाटात पाणी झुळझुळत होते.

"अन्‌ डाक्तर म्हणे," ती पुढे म्हणाली, "पोरगं दुपारीच गेलं होतं."

श्रावणला ते समजायला वेळ लागला. समजले तेव्हा तो खाली बसला. दुपारीच. म्हणजे त्याच्या ओ देण्याने काही बिघडले नव्हते. त्याच्या त्या ओने भाऊ मेला नव्हता. पंधरा वर्षांचा दगड छातीवरून उतरला, आणि तो लहान मुलासारखा हमसून रडला. आईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. पानांचा, चुन्यासारखा गार हात.

त्या सुटकेच्या भरात दुसरा प्रश्न त्याला पडलाच नाही. पडायला हवा होता.

मग बाहेर कोणी ओ दिली?

सूर्य कलला. छताखाली अंधारून आले. आई निघायला उठली, तेव्हा श्रावणने तिला थांबवले. वर्षाली मॅडमचे शब्द त्याच्या डोक्यात होते. तो म्हणाला, माय, आज एकदा हाक मार. माझ्या नावाची. मी इथूनच, शेवटच्या ओळीतून ओ देतो. मग बाहेर येतो.

तिला ते आवडले नाही. आता ही रीत ती पाळत नाही, असे म्हणाली. एकटीचा जीव, हाक कोणाला मारायची? पण रडून आलेल्या मुलाचे तोंड पाहून ती दाराकडे गेली. तिची पावले ओळींआड मिटली.

श्रावण उघड्या शेवरीपाशी उभा राहिला. नजर पायांवर.

पाटातले पाणी थांबले.

"श्रावण..."

त्याने श्वास घेतला. तोंड उघडले. गळा आवळला गेला, तालमीत आवळायचा तसाच, त्याहून घट्ट. तो जोर लावत राहिला. आत्ता. आत्ता येईल...

"ओ."

आवाज स्वच्छ होता. मोकळा, ठसठशीत. त्याचाच आवाज होता.

तो दारापलीकडून आला होता. आईच्या पाठीमागून.

मग त्याला दोरी आवळल्याचा आवाज आला. पऱ्हाट्या करकरल्या. आई ताटी बांधत होती.

त्याला ओरडता आले नाही. तो धावला. वेली तोंडावर फटकारत होत्या, ओळी संपत नव्हत्या, अनवाणी पाय चिखलात रुतत होते. ताटीपाशी पोहोचून त्याने फटीतून पाहिले.

बेबीताई धुऱ्यावरून घराकडे चालली होती. सावकाश, रमतगमत. तिची मान किंचित डावीकडे वळलेली होती. ती बोलत होती. थांबत होती, ऐकत होती, पुन्हा बोलत होती... सोबत चालणाऱ्या माणसाशी बोलावे तशी.

तिच्या सोबत कोणी नव्हते.

श्रावणने दोन्ही हातांनी ताटी हलवली. जीव खाऊन हलवली.

ती वळली. तिने फटीत त्याचा चेहरा पाहिला. मग आपल्या डावीकडे पाहिले. तिथे ती पुष्कळ वेळ पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय होते, ते श्रावणला शब्दांत सांगता आले नाही. भीती तर होतीच. पण कोणाचा तरी निरोप घेताना असते तसेही काही होते.

ती आली. गाठ सोडली. दोघे घरी गेले.

सकाळी एसटीपाशी ती एवढेच म्हणाली, "आता मळ्यात येऊ नको, बापू. अन्‌ कोणी तुले हाक मारली त..."

बस सुटली. तिने वाक्य पुरे केले नाही. नंतर फोनवर विचारले, तरी केले नाही.

दुसऱ्या दिवशी तालमीत ओ आली. रागिणी खूश झाली. म्हणाली, बारा वर्षे दूर राहिलेल्या माणसाची ओ अशीच असणार, लांबून आल्यासारखी. श्रावणने वर्षाली मॅडमकडे एक शेवटची फेरी मारली. त्यांनी काडी चारी दिशांना फिरवली. नजर कुठेच अडली नाही. बरे वाटते आहे ना, असे त्यांनी दोनदा विचारले. त्याने दोन्ही वेळा हो म्हटले.

जानेवारीत प्रयोग झाला. सभागृह भरलेले होते. स्वगत संपले. विंगेतून हाक आली. ओ ऐकून पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळ्यांना पदर लावला. पडदा पडला, टाळ्या थांबेनात. त्याला वाचिक अभिनयाचे बक्षीस मिळाले.

प्रयोगाचे चित्रीकरण मंडळीपैकी कोणीतरी मोबाइलवर केले होते. त्यात श्रावण उंबऱ्यात उभा आहे. दिवा सरळ चेहऱ्यावर आहे. हाक येते. ओ येते.

त्याचे ओठ मिटलेले आहेत.

हे कोणाच्या लक्षात आलेले नाही. त्याने ते चित्रीकरण एकदाच पाहिले.

नाटक त्याने सोडले आहे. वर्गात, स्टाफरूममध्ये, रस्त्यात कोणी हाक मारली, की तो आता लगेच वळत नाही. क्षणभर थांबतो. नाइलाज म्हणून थांबतो, कारण गळा अजून तसाच आवळतो.

पुष्कळदा त्याला ओ द्यावीच लागत नाही. तो वळून पाहतो, तेव्हा हाक मारणारा समाधानाने परत फिरलेला असतो, आणि मान किंचित डावीकडे करून कोणाशी तरी बोलत चाललेला असतो.